शेंदराची खोळ

माझ्या वडिलांचं साताऱ्यात तसबिरींचं दुकान होतं. चित्रं ते काढत नसत, काच आणि चौकट बसवत. मुंबईहून छापील देवांची भेंडोळी यायची आणि ती उलगडून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे आमच्या घरात माणसांपेक्षा देवी जास्त. लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा, अन्नपूर्णा, सगळ्यांचे गाल गुलाबी, दंड गोल, डोळे टपोरे. हातात काय धरलंय ते बघून ओळखायच्या, चेहऱ्यावरून ओळखायची सोय नव्हती. मी एकदा वडिलांना विचारलं होतं, की या सगळ्या सख्ख्या बहिणी आहेत का? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला भिंतीवर हसरी बाई लागते, त्याला आपण काय करणार? आणि खरंच, लोक वांगी निवडावीत तसे चेहरे निवडत. महिषासुराच्या छातीत त्रिशूळ खुपसणारी दुर्गासुद्धा त्यांना गालात हसणारी हवी असायची. एकाने कालीचं चित्र नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं, घरात नवी सून आहे, ती भिते म्हणून.

अशा देवींमध्ये मी वाढले, चित्रकलेचा कोर्स केला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन सांगलीजवळच्या एका गावात जाऊन पडले. नवरा फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर आला की त्याला माझं नाव आठवतं का, अशी मला शंका यायची. गावच्या हायस्कुलात मला ड्रॉइंगची नोकरी मिळाली. घरात सासूबाई, थोरले दीर आणि त्यांची बायको. नदीकाठची जमीन, त्यात ऊस, दारात बैल. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, आणि सासूबाईंच्या हुकमालाही तोटा नव्हता.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायची. अक्का गरीब गाय वगैरे मुळीच नव्हत्या. तोंडाने फटकळ, हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. माझी पहिली भाकरी त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि हा कुठल्या मुलखाचा नकाशा म्हणून विचारलं. दीर बाहेर अबोल, आईपुढे तर तोंडात मूग धरून बसलेले. पण अक्कांशी त्यांचं भारी गूळपीठ होतं. सांगलीच्या बाजाराला गेले की धोतराच्या सोग्यात त्यांच्यासाठी काहीतरी लपवून आणायचे. कधी पेरू, कधी बांगड्या. रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या खोलीतून दोघांचं हसू ऐकू यायचं आणि सासूबाई मोठ्याने खाकरायच्या. मला मात्र ते ऐकून बरं वाटायचं. माझ्या खोलीत हसायला कोणी नव्हतं.

अक्कांना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मिरजेचा डॉक्टर झाला, अंगारे झाले, आणि शेवटी सगळं गावच्या देवीवर येऊन थांबलं होतं.

देवी नदीच्या काठावर, एका बुटक्या दगडी देवळात. तिला सगळे लेकुरवाळी म्हणत. दिसायला ती कमरेएवढा शेंदराचा ढीग होती. त्यावर चांदीचे डोळे, नथ, आणि भोवती गुंडाळलेलं लुगडं. दर मंगळवारी गुरव तेलात कालवून शेंदराचा हात द्यायचा. त्याचा बाप द्यायचा, आजा द्यायचा. आत मूर्ती कशी आहे हे कोणी पाहिलेलं नव्हतं आणि कोणाला पाहायचंही नव्हतं. ती लेकरं देते एवढं माहीत असलं की पुरे. पंचक्रोशीतल्या बायका तिची ओटी भरायला येत. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, बदाम. पदर पसरून मागत आणि कित्येकींना मिळतही असे. न मिळालेल्यांची मोजदाद कोण ठेवतो?

मी गावात येऊन वर्ष झालं नसेल, तेव्हा जत्रेची पंच मंडळी माझ्याकडे आली. घराघरात लावायला देवीचा फोटो पाहिजे होता, आणि शेंदराच्या ढिगाचा फोटो काढून काय उपयोग? तुमी ड्रॉइंगच्या बाई, तुमी काढा म्हणाले. देवी दिसायला कशी, असं मी विचारल्यावर पाटील वैतागले. लेकुरवाळी म्हटल्यावर कशी आसनार, असं म्हणून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. मग मी वडिलांच्या दुकानातली सगळी भेंडोळी मनातल्या मनात उलगडली आणि एक देवी काढली. गोल चेहरा, भरलेलं अंग, मांडीवर एक बाळ, पदराला धरून दुसरं. सांगलीच्या छापखान्यात ती छापून आली आणि गावातल्या प्रत्येक भिंतीवर चढली. अक्कांच्या खोलीतही. लोक तिच्या पाया पडताना पाहून मला आधी हसू यायचं, मग सवय झाली.

त्या वर्षी जत्रेच्या आधी सासूबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं, की जत्रेपर्यंत वाट बघायची. त्यानंतर त्यांच्या भावाची मुलगी दिरांना करून आणायची. बोलणं झालेलं होतं. अक्कांनी माहेरी जायचं. दीर खाली मान घालून आमटीत भाकरी चुरत राहिले. मी संतापून म्हणाले, की दुसरं लग्न करायला कायद्यानं बंदी आहे. सासूबाईंनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, की कायदा काय पाळणा हलवायला येणार आहे का? अक्कांच्या माहेरी आईबाप उरले नव्हते. भाऊ होते, म्हणजेच भावजया होत्या. तिथे आयुष्यभर भांडी घासायला जायचं, हे सगळ्यांना कळत होतं.

अक्कांनी मग कडक व्रत धरलं. मंगळवारी पहाटे नदीत बुडी मारायची, ओलेत्यानंच कळशी भरून देवीला घालायची, ओटी भरायची, आणि दिवसभर पाण्यावर राहायचं. थंडी गेली, ऊन आलं, त्यांचे गाल बसले. दीर बाजारातून काही आणायचे ते तसंच कोनाड्यात पडून राहायचं.

जत्रा अगदी तोंडावर आली असताना एका मंगळवारी शाळेत बातमी आली, की देवीनं खोळ टाकली. शेंदराचं कवच देवीच्या अंगावरून आपोआप सुटून पडतं, याला तसं म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांत कधी तरी घडणारी गोष्ट आणि फार शुभ. देवीनं जुनं अंग टाकून नवं धारण केलं. पडलेलं कवच वाजतगाजत नदीत सोडायचं असतं. हेडमास्तरांनी शाळा सोडून दिली. मी चपला घालायच्या आधी निघाले म्हटलं तरी चालेल. खरी मूर्ती बघायला मिळणार होती, आणि कोर्समध्ये पुस्तकातली काळी-पांढरी चित्रं सोडली तर मी जुनं शिल्प जवळून कधी पाहिलं नव्हतं.

देवळापुढे अख्खा गाव लोटला होता. वाजंत्री लागली होती. कवच एका बाजूला पडलेलं, वीतभर जाडीचं, कांद्यासारखे पापुद्रे असलेलं. ड्रॉइंगच्या बाई म्हणून मला पुढे जागा मिळाली. गुरवाला आनंद मावत नव्हता. त्याच्या हयातीत हे घडलं म्हणून तो सारखा कान पकडत होता. मूर्तीवर अजून शेंदराचा पातळ थर होता. त्याने कोमट तेल ओतलं आणि फडक्याने हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली.

आधी कपाळावरच्या कवट्या दिसल्या. मला वाटलं, दागिना असेल. मग डोळे आले, खोल गेलेले. गाल नव्हतेच, हाडं होती. तोंड उघडं, दात बाहेर. गुरवाचा हात हळू झाला, पण थांबला नाही. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. स्तन सुकून लोंबलेले. पोट पाठीला लागलेलं, नुसता खड्डा, आणि त्या खड्ड्यात नांगी वर केलेला विंचू. खाली, आसनाच्या जागी, एक माणूस उताणा पडला होता, आणि तो झोपलेला नव्हता हे लहान पोरालाही कळलं असतं.

असलं एक चित्र आमच्या पुस्तकात होतं आणि मी ते पान दर वेळी पटकन उलटायची. चामुंडा. शब्द तोंडातून निघून गेला, पण वाजंत्र्यात कोणी ऐकला नाही. मग वाजंत्रीही बंद पडली, एक सनई तेवढी चुकून जरा पुढे गेली. एका बाईने कडेवरच्या मुलाचे डोळे हाताने झाकले. दोन पावलांवर उभे असलेले लोक मागे सरकले आणि मागच्यांच्या पायांवर पडले. या दगडातल्या बाईपुढे पिढ्यान् पिढ्या पदर पसरून लेकरं मागितली गेली होती. तरी मला नजर काढता येत नव्हती, कारण ज्याने ती घडवली होती त्याला उपाशी माणसाचं अंग फार नीट ठाऊक होतं.

पाटलांना सगळ्यांत आधी कंठ फुटला. त्यांनी एकाला घरी पिटाळून भिंतीवरची तसबीर आणवली. माझी. ती त्यांनी मूर्तीशेजारी धरली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि निकाल दिला, की आपली देवी ही तसबिरीतली, ही दगडाची कोण कुठली ते ठाऊक नाही. कोणी तरी बदलली असणार, नाहीतर काहीतरी विटाळ होऊन देवी निघून गेली आणि हे उरलं. लोक माना डोलावू लागले. मी पुढे होऊन सांगितलं, की ते चित्र मी मनानं काढलं, मी काही देवी पाहिली नव्हती, खरी मूर्ती हीच. पाटील समजूत घालायच्या सुरात म्हणाले, की बाई, चित्र तुमचं झक्कास आलंय, त्यात तुमची चूक न्हाई. मी माझ्याच हाताने रंगवलेल्या गुलाबी गालांकडे बघत राहिले आणि ते मला त्या विंचवापेक्षा भयंकर वाटले.

आता विटाळ कोणाचा, हा प्रश्न निघाला. सकाळी देवीला शेवटचं पाणी कोणी घातलं, ओटी कोणी भरली? गुरवाने नाव सांगितलं नाही, पण आमच्या घराच्या दिशेला पाहिलं. तेवढं पुरलं. वांझेचा हात लागला, असं कोणी तरी मागून म्हणालं आणि ते तोंडातोंडांतून पुढे आलं. सासूबाई बायकांत बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि साऱ्या गावासमोर म्हणाल्या, की जत्रेची वाट बघायला नको, आज दुपारच्या गाडीनंच तिला तिच्या भावाकडं पोचवते. दीर पुरुषांच्या गर्दीत होते. मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. तेव्हा मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

अक्कांना बोलावणं गेलं. उपास असला तरी घरच्यांच्या भाकरी त्यांनाच करायच्या होत्या. पिठाचे हात पदराला पुसतच त्या आल्या. लोकांनी वाट दिली, अंगाला अंग लागू नये अशी रुंद. क्षमा माग म्हणून सासूबाईंनी फर्मावलं. अक्का गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आल्या आणि त्यांना ती दिसली.

मला वाटलं, या आता कोसळणार. त्या खाली बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या, चेहऱ्याकडे, बरगड्यांकडे. मग त्यांनी हात पुढे केला आणि पिठाने माखलेला तळवा त्या पोटाच्या खड्ड्यात, विंचवाच्या बाजूला ठेवला. बायकांत एक उसासा उठला. अक्कांनी मान वळवून गुरवाला विचारलं,

“मामा, हिला लेकरं किती?”

गुरव गडबडला. “हिला कुठलं लेकरू, पोरी,” तो म्हणाला. “बगतीस न्हवं.”

“म्हंजी हिची कूस बी रिकामीच,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आम्ही चुलीपाशी बोलायचो तसाच होता. त्या उठल्या, पाटलांकडे वळल्या, मग सासूबाईंकडे. “मग हिला कवा माहेरी धाडताय?”

मला असा आनंद झाला, की मी टाळ्या वाजवल्या नाहीत हेच नवल. पाटील तसबीर छातीशी धरून उभे होते. मला वाटलं, झालं, ही बाई जिंकली.

मग एक म्हातारी पुढे आली आणि अक्कांच्या पायांवर पडली. “आई बोलली,” ती म्हणाली. “आई अंगात येऊन बोलली.”

पुढचं इतक्या झपाट्याने घडलं, की मला अजूनही ते सुसंगत आठवत नाही. दुसरी बाई पडली, तिसरी पडली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. आई कोपली, आईचा अपमान झाला, असं सगळे एकमेकांना सांगू लागले. मघाशी अक्कांचा स्पर्श टाळणारे लोक त्यांच्या पायांपर्यंत पोहोचायला धक्काबुक्की करत होते. कोणी तरी कुंकवाची वाटी आणली आणि त्यांच्या कपाळावर मळवट भरला, या कानापासून त्या कानापर्यंत. अक्का हात झटकत होत्या. माज्या अंगात कोन बी आलं न्हाई, मीच बोलले, असं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. जितकं सांगत होत्या तितके लोक जास्त हात जोडत होते. गर्दीतून त्यांनी मला शोधलं.

“धाकटे, तू तरी सांग की गं. मीच बोलले.”

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, घसा बसेपर्यंत. एका बाईने मला मायेने बाजूला ओढलं आणि असं बोलू नये, लेकी, बाधेल, म्हणून माझ्याही कपाळाला बोट लावलं. सासूबाई माझ्या समोरून अक्कांच्या पुढे गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पदर पसरून क्षमा मागितली. “आत्याबाई, उठा, मी हाय,” अक्का म्हणाल्या, पण सासूबाईंनी वर पाहायची हिंमत केली नाही. आत गुरव परातीत तेल ओतून नवा शेंदूर मळायला बसला होता. संध्याकाळच्या आत ती बरगड्यांची बाई पुन्हा गोल, गुळगुळीत झाली, चांदीचे डोळे बसले, आणि माझी तसबीर तिच्या डाव्या हाताला खिळ्यावर लागली.

भावाच्या मुलीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. अक्कांना माहेरी पाठवायचं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांना हवं होतं ते मिळालं, असं मी त्या रात्री माझ्या मनाला समजावलं. त्यांच्या खोलीतून आवाज येत नव्हता. दिवसभराच्या दगदगीने झोपल्या असतील, असं वाटलं.

सकाळी त्या नेहमीसारख्या चुलीपुढे बसल्या होत्या. मळवट धुतला तरी कपाळ लालसर राहिलं होतं. दीर मळ्यात जायला निघाले. एरवी ते जाता जाता चुलीपाशी वाकून काहीतरी पुटपुटायचे आणि अक्का लटक्या रागाने फुंकणी उगारायच्या. त्या दिवशी ते दारात थांबले, डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरला, आत आले आणि खाली वाकून त्यांनी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं.

अक्कांनी चटका बसल्यासारखे पाय ओढून घेतले. “आवं, असं काय करताय,” त्या म्हणाल्या. “मी बायकू हाय तुमची.”

दिरांनी हात जोडले. “तसं म्हनू नगा,” ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग ते उठले आणि देवळातून निघावं तसे, पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे टाकत दाराबाहेर गेले. त्यांचं अंथरूण रात्रीच खोलीतून बाहेरच्या सोप्यावर गेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. पुढं ते म्हातारे होईपर्यंत तिथंच राहिलं.